विश्लेषण : गोव्यातली ‘पोर्ट वाईन’ खरी पोर्ट असते का? दगड रोवून हद्द आखणाऱ्या पोंबालची गोष्ट

लोणावळ्यात गाडी थांबवली की चिक्कीच्या दुकानांवर ‘अस्सल’ आणि ‘मूळ’ अशा पाट्या दिसतात. मावळच्या इंद्रायणी तांदळाचंही तेच. नाव खपतं म्हटल्यावर त्या नावाखाली दुसरा माल येणारच. गोव्यात पर्यटक हौसेने घेतात त्या स्वस्त, गोड, लाल ‘पोर्ट वाईन’चंही असंच आहे. खरी पोर्ट पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांचीच. ही हद्द १७५६ मध्ये आखून घेतली ती पोंबालच्या मार्किसने.

कोण होता हा पोंबाल?

मूळ नाव सेबास्तियांव जुझे द कार्वाल्यु इ मेलो. जन्म १३ मे १६९९, लिस्बन. १७३८ मध्ये तो राजदूत म्हणून लंडनला गेला. पुढच्याच वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि गोव्यालाही मराठ्यांचा धोका निर्माण झाला. तेव्हा इंग्रजांची मदत मिळावी म्हणून लंडनमध्ये खटपट करणारा हाच. त्यातून फारसं हाती लागलं नाही. इंग्रज व्यापारी पोर्तुगालमधून किती कमावतात, हे मात्र त्याने नीट पाहून घेतलं.

१७५० मध्ये तो मंत्री झाला. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बन उद्ध्वस्त झालं, ते सावरताना कारभाराची सगळी सूत्रं त्याच्या हाती आली.

भेसळ आणि बंदोबस्त

पोर्टो बंदरातून इंग्लंडला जाणारी वाईन एव्हाना बदनाम झाली होती. बाहेरची वाईन मिसळायची, रंगासाठी एल्डरबेरीचा रस घालायचा, असे प्रकार सर्रास चालत. भाव कोसळले आणि फटका शेतकऱ्याला बसला. १० सप्टेंबर १७५६ रोजी पोंबालने सरकारी आश्रयाची कंपनी काढली. डोरोच्या मळ्यांची हद्द ग्रॅनाइटचे दगड रोवून पक्की झाली. एल्डरबेरीची झाडं उपटायचा हुकूम निघाला.

मक्तेदारीचा जाच लहान माणसांनाही झाला. फेब्रुवारी १७५७ मध्ये पोर्टोत गुत्तेवाले आणि गोरगरीब रस्त्यावर उतरले. डझनाहून अधिक जणांना फाशी झाली. आणि स्वतः पोंबाल? लिस्बनजवळच्या ओएराश इथल्या त्याच्या मळ्याची वाईन, हद्दीबाहेरची असूनही, पोर्टमध्ये मिसळायला कंपनी घेत असे, असा आक्षेप आजही घेतला जातो. नियम करणाऱ्याने स्वतःपुरता बायपास ठेवला, दुसरं काय!

मग खरी पोर्ट ओळखायची कशी?

द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं कडक स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते. म्हणून पोर्ट गोड आणि कडक, अल्कोहोल साधारण २० टक्के. ही पद्धत सर्रास रुळली ती पोंबालनंतर. ‘रूबी’ गडद आणि फळांच्या चवीची. ‘टॉनी’ लाकडी पिंपात मुरून तांबूस झालेली. मदेराही स्पिरिट घातलेलीच, पण ती उष्णतेत मुरते. भारताकडे येणाऱ्या जहाजांच्या उकाड्यात पिंपं तापली आणि चव सुधारली, त्यातून ही युक्ती सापडली. ‘विन्यु व्हेर्द’ हलकी, ताजी प्यायची. अस्सल पोर्टच्या बाटलीच्या गळ्याशी पोर्तुगालच्या नियामक संस्थेची क्रमांक असलेली हमीपट्टी असते. ती आधी बघा.

१७७७ मध्ये राजा वारला, राणी मारिया गादीवर आली आणि पोंबालची सत्ता गेली. १७८१ मध्ये त्याला दोषी ठरवून दरबारापासून लांब राहण्याचा हुकूम झाला. ८ मे १७८२ रोजी पोंबाल गावी तो वारला. त्याने रोवलेले काही दगड डोरोच्या मळ्यांत अजून उभे आहेत.