मोठ्या ग्राहकाला वीज कशी द्यायची हे जगाला शिकवलं, आणि स्वतः मात्र कर्जात बुडाला : सॅम्युअल इन्सलची गोष्ट

एखाद्या कारखान्याचं वीजबिल कधी हातात घेऊन बघा. त्यात वापरलेल्या युनिटचे पैसे असतात, पण त्याशिवाय आणखी एक मोठा आकडा असतो. त्याला डिमांड चार्ज किंवा मागणी आकार म्हणतात. महिनाभर मशीन बंद ठेवलं तरी हा आकडा काही शून्यावर येत नाही.

वापरलीच नाही त्या विजेचे पैसे का द्यायचे?

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका माणसापुढे उलट्या बाजूने उभा राहिला होता. गिऱ्हाईक वीज वापरत नसेल तेव्हा बंद पडून राहिलेल्या यंत्राचा खर्च कोणाकडून वसूल करायचा, हा त्याचा प्रश्न होता. त्याने जे उत्तर शोधलं त्यावर आजही जगातल्या बहुतेक वीज कंपन्या चालतात. मोठ्या ग्राहकाला कोणत्या अटीवर वीज द्यायची याचे नियमही तिथूनच पुढे आले.

त्या माणसाचं नाव सॅम्युअल इन्सल.

एडिसनचा सेक्रेटरी

इन्सलचा जन्म ११ नोव्हेंबर १८५९ चा, लंडनचा. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा ऑफिसबॉय म्हणून कामाला लागला. रात्री बसून शॉर्टहँड शिकला. १८७९ मध्ये पेपरातली जाहिरात बघून त्याने सेक्रेटरीच्या नोकरीसाठी अर्ज केला. नोकरी लागल्यावर कळलं की साहेब थॉमस एडिसनचे युरोपातले प्रतिनिधी आहेत.

दोन वर्षांत, म्हणजे १८८१ मध्ये, इन्सल थेट न्यूयॉर्कला एडिसनचा खाजगी सेक्रेटरी म्हणून पोचला. वय फक्त २१. एडिसनचा पत्रव्यवहार, हिशेब, उधारी, बँकांची मनधरणी, सगळं त्याच्याकडे आलं. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं, तेव्हा हा माणूस तो सगळा कारभार आतून बघत होता.

पुढे १८९२ मध्ये एडिसनची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक तयार झाली. इन्सलला तिथे मोठं पद होतं. पण त्याने ते सोडलं आणि खूप कमी पगारावर शिकागो एडिसन नावाच्या छोट्या कंपनीचा अध्यक्ष झाला. कंपनीत स्वतःचे पैसे घालण्यासाठी त्याने शिकागोचे बडे व्यापारी मार्शल फील्ड यांच्याकडून अडीच लाख डॉलर कर्ज घेतलं.

हे कर्ज लक्षात ठेवा. गोष्टीच्या शेवटी कर्जच पुन्हा येणार आहे.

गिऱ्हाईक होतं, पण संध्याकाळपुरतं

तेव्हा वीज ही श्रीमंतांची चैन होती. शिकागोत वीज विकणाऱ्या वीसहून जास्त लहान कंपन्या होत्या आणि गिऱ्हाईक मोजकं. त्यातही वीज लागायची ती प्रामुख्याने दिव्यांसाठी, म्हणजे अंधार पडल्यावर दोन-चार तास.

इथेच सगळी गोम होती. वीज साठवून ठेवणं परवडत नव्हतं. संध्याकाळी सात वाजता सगळ्या शहराला जेवढी लागेल, तेवढी तयार करणारी यंत्रं उभी करावीच लागत. उरलेला दिवस तीच यंत्रं रिकामी. पण त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज चोवीस तास चालू.

१८९४ च्या नाताळात इन्सल इंग्लंडला गेला होता. तिथे ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात लहानसहान दुकानांतही विजेचे दिवे दिसले, आणि त्याला कुतूहल वाटलं. चौकशी केल्यावर कळलं की तिथल्या वीजकेंद्राचे प्रमुख आर्थर राईट यांनी एक वेगळं मीटर बनवलंय. ते फक्त किती वीज वापरली एवढंच बघत नव्हतं, तर गिऱ्हाईकाने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, तेही सांगत होतं.

त्यावरून बिलाचे दोन भाग पडले. पहिला भाग गिऱ्हाईकासाठी राखून ठेवलेल्या यंत्राचा. दुसरा भाग प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटचा.

इन्सलने हीच पद्धत शिकागोत आणली.

लोड फॅक्टरचं गणित

एक साधा हिशेब करून बघू. समजा दोन गिऱ्हाईकं आहेत. दोघांनाही एका वेळी १०० किलोवॅट वीज लागते. म्हणजे दोघांसाठी यंत्रणा सारखीच उभी करावी लागणार. तिचा खर्च प्रत्येकी रोजचा २४०० रुपये धरू.

पहिलं गिऱ्हाईक रोज ३ तास वीज वापरतं. त्याची ३०० युनिट होतात. यंत्रणेचा खर्च पडला युनिटमागे ८ रुपये.

दुसरं गिऱ्हाईक २४ तास वापरतं. त्याची २४०० युनिट. खर्च पडला युनिटमागे १ रुपया.

यंत्रणा तीच, पण दुसऱ्याला वीज स्वस्तात देऊनही कंपनीचं नुकसान नाही. स्वतःच्या कमाल मागणीच्या मानाने गिऱ्हाईक सरासरी किती वीज वापरतं, याच्या प्रमाणाला लोड फॅक्टर म्हणतात. स्वस्त दराला पात्र कोण, हे ठरवताना इन्सलने नुसता ग्राहकाचा आकार बघितला नाही. हा ग्राहक यंत्रणा किती वेळ कामाला लावतो आणि कोणत्या वेळी लावतो, हे त्याने बघितलं.

मग तो अशा गिऱ्हाईकांच्या मागे लागला. शिकागोतल्या बड्या हॉटेलांच्या आणि ऑफिसांच्या तळघरात स्वतःचे डायनॅमो होते. ट्राम आणि उन्नत रेल्वेच्या कंपन्यांची तर स्वतःची वीजघरं होती. इन्सल त्यांना सांगू लागला की तुमची यंत्रं बंद करा आणि वीज माझ्याकडून घ्या, तुमच्या खर्चापेक्षा स्वस्त देतो. बदल्यात वर्षानुवर्षांचे करार. बर्फाचे कारखाने त्याला विशेष आवडायचे, कारण त्यांचं काम उन्हाळ्यात जोरात आणि दिव्यांची मागणी हिवाळ्यात जास्त. एकाची गरज ओसरली की दुसऱ्याची वाढायची. यंत्र मात्र एकच.

मागणी वाढली तशी मोठी यंत्रं घेणं परवडू लागलं. १९०३ मध्ये त्याने फिस्क स्ट्रीटच्या केंद्रात ५००० किलोवॅटचं वाफेवर चालणारं टर्बाइन बसवलं. एवढं मोठं यंत्र बनवायला खुद्द जनरल इलेक्ट्रिक कचरत होती, तेव्हा इन्सलने जोखमीतला काही वाटा स्वतःच्या अंगावर घेतला. यंत्र मोठं झालं, युनिटचा खर्च उतरला, दर उतरले आणि आणखी गिऱ्हाईक आलं. १९०७ मध्ये त्याच्या कंपन्या एकत्र होऊन कॉमनवेल्थ एडिसन झाली. शिकागोला आजही वीज पुरवते ती हीच कंपनी.

मग लहान ग्राहकाचं काय?

इथे कोणालाही शंका येईल. ट्राम कंपनीला स्वस्त आणि घरच्या दिव्याला महाग, हे न्यायाचं कसं? आणि हे गणित कंपनीच मांडणार असेल, तर ओळखीच्या शेठला पात्र ठरवायला किती वेळ लागतो?

इन्सलला हा धोका दिसत होता. १८९८ मध्ये वीज कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष असताना त्याने मांडलं की एका भागात एकाच कंपनीला वीज विकू द्यावी आणि तिचे दर सरकारने ठरवावेत. इतर मालकांना ते पटलं नाही. पण १९०७ मध्ये न्यूयॉर्क आणि विस्कॉन्सिन राज्यांनी आयोग नेमले, पुढे इलिनॉयनेही नेमला. यातून एक तत्त्व पक्कं झालं. कंपनीला मक्तेदारी मिळेल, पण मागेल त्याला वीज द्यावी लागेल, आणि एका वर्गात बसणाऱ्या सगळ्यांना दर एकच लागेल. वर्ग पाडायचे तर त्याला कारण हवं.

हेच तत्त्व आपल्याकडेही आहे. भारताच्या २००३ च्या वीज कायद्यातलं कलम ६२ सांगतं की आयोगाने कोणत्याही ग्राहकाला गैरवाजवी झुकतं माप देऊ नये. मात्र लोड फॅक्टर, व्होल्टेज, एकूण वापर, वापराची वेळ अशा कारणांवरून दरात फरक करता येतो. त्या यादीत लोड फॅक्टरचं नाव अगदी पहिलं आहे.

पण आयोग नेमला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही, हेही इन्सलच्याच गोष्टीत दिसतं. १९२६ मध्ये फ्रँक स्मिथ हे इलिनॉयच्या आयोगाचे प्रमुख असताना सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले. इन्सलने त्यांच्या प्रचाराला सव्वा लाख डॉलर दिले. म्हणजे ज्याचे दर ठरवायचे, त्याचेच पैसे. स्मिथ निवडून आले, पण प्रकरण एवढं तापलं की सिनेटने त्यांना सभागृहात बसूच दिलं नाही.

डोलारा आणि कोसळणं

१९१२ मध्ये इन्सलने मिडल वेस्ट युटिलिटीज नावाची कंपनी काढली. ती स्वतः वीज बनवत नव्हती. इतर वीज कंपन्यांचे शेअर हातात ठेवणं हे तिचं काम. त्या कंपन्यांच्या खाली आणखी कंपन्या. तीसच्या आसपास राज्यांत तिचा पसारा गेला. कंपनीवर ताबा आपलाच राहावा म्हणून १९२८ आणि १९२९ मध्ये त्याने वर आणखी दोन कंपन्या उभ्या केल्या. लाखो सामान्य माणसांनी आयुष्यभराची पुंजी या शेअर आणि रोख्यांत घातली. इन्सलचं नाव म्हणजे खात्री, असं लोकांना वाटायचं.

१९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. इन्सलने बँकांकडून कर्ज काढलं आणि तारण म्हणून शेअर ठेवले. शेअर पडत गेले, तसं तारण अपुरं होत गेलं. व्याज मात्र थांबलं नाही. कमाई असो वा नसो, बांधलेला खर्च भरावाच लागतो, हे त्याने आयुष्यभर गिऱ्हाईकांना समजावलं होतं. आता तेच त्याच्या अंगावर आलं. एप्रिल १९३२ मध्ये मिडल वेस्ट दिवाळखोरीत गेली आणि जूनमध्ये त्याने सगळी पदं सोडली.

लोकांची पुंजी बुडाली होती. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी प्रचारात त्याचं नाव घेतलं. इन्सल तोवर पॅरिसला गेला होता, तिथून ग्रीसला. ग्रीसने त्याला अमेरिकेच्या हवाली करायला नकार दिला. १९३४ मध्ये तो तिथून जहाजाने निघाला, पण इस्तंबूलला त्याला पकडून अमेरिकेकडे सोपवण्यात आलं.

खटला शिकागोत चालला. नोव्हेंबर १९३४ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. पुढच्या दोन खटल्यांतही तो सुटला. पण नाव गेलं होतं आणि पैसाही. १९३५ मध्ये अमेरिकेने अशा कंपन्यांच्या उतरंडीला आळा घालणारा कायदा केला, त्यामागे इन्सलच्या पडझडीचा मोठा वाटा होता.

१६ जुलै १९३८ रोजी पॅरिसच्या मेट्रो स्टेशनात हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा मृत्यू झाला. खिशात थोडीशी चिल्लर होती.

आज हे आठवायचं कारण

इन्सलच्या काळात सगळ्यात बडं गिऱ्हाईक ट्राम होतं. आज ते डेटा सेंटर आहे. एका डेटा सेंटरला एखाद्या शहराएवढी वीज लागू शकते. त्यासाठी लाइन आणि सबस्टेशन बांधले आणि गिऱ्हाईक आलंच नाही, तर बिल कोणाच्या माथी?

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या आयोगाने त्यावर नियम मंजूर केला. तिथल्या एईपी ओहायो या कंपनीकडून २५ मेगावॅटपेक्षा जास्त वीज मागणाऱ्या नव्या डेटा सेंटरने, वापर कितीही कमी असला तरी, मागितलेल्या क्षमतेच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे १२ वर्षांपर्यंत भरायचे. शिवाय तेवढी आर्थिक ऐपत आधी दाखवायची.

नियम नवा आहे, पण त्यातला हिशेब ब्रायटनच्या मीटरचाच. ज्याच्यासाठी यंत्रणा उभी केली, तिचा खर्चही त्यानेच उचलायचा. तो त्याच्याकडून वसूल झाला नाही, तर शेजारच्या घराच्या लाईट बिलात येतो.