डॉ. व्हर्जिनिया ॲपगार

भगिनींनो, बाळंतिणीची काळजी सारेच घेतात. पण न रडणाऱ्या निपचित बाळाकडे पाहायचे कोणी? हा प्रश्न ज्यांनी सोडवला, त्या विदुषीची ओळख मी करून देते.

व्हर्जिनियाबाई १९०९ साली अमेरिकेत न्यू जर्सीत जन्मल्या. शस्त्रक्रिया शिकल्या, परंतु वरिष्ठांच्या सल्ल्याने भूलशास्त्राकडे वळल्या. १९५२ साली त्यांनी नवजात बाळासाठी गुणपद्धती आखली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोम, डिवचल्यावरची हालचाल व अंगाचा रंग यांना प्रत्येकी २, असे एकूण १० गुण. तपासणी जन्मानंतर एका मिनिटाने. त्यामुळे अशक्त बाळाकडे तत्काळ लक्ष वळू लागले.

१९७४ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या परीक्षेत कमी गुण मिळवणाऱ्याला बोल लागत नाही, मदतीचा हात मिळतो. म्हणूनच मला ती थोर वाटते.