हॅरीची मेणबत्ती

मी साहित्याची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण आमच्या इंदुरातल्या इंडस-2 या यंत्राच्या क्ष-किरणांनी पदार्थातले धातू ओळखता येतात हे कळलं, आणि या ओळखीचा नियम कुणी शोधला ते वाचायला घेतलं. तो हेन्री मोस्ले. घरच्यांचा हॅरी.

हॅरी 23 नोव्हेंबर 1887 रोजी इंग्लंडमधल्या वेमथला जन्मला. तो चार वर्षांचा व्हायच्या आतच वडील वारले. आईने वाढवलं. ही आई अशी, की 1913 मध्ये तिने ब्रिटनचं महिला बुद्धिबळ अजिंक्यपद मिळवलं! ऑक्सफर्डची पदवी घेऊन हॅरी 1910 साली मँचेस्टरला रदरफर्डकडे गेला.

1913 मध्ये त्याने निर्वात नळीत एका छोट्या गाडीवर धातूंचे तुकडे मांडले. मासे धरायच्या रेशमी दोरीने गाडी ओढायची, एकेका तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा आणि निघणारे क्ष-किरण मोजायचे. प्रत्येक धातूचे किरण वेगळे निघाले, आणि त्यांच्या कंप्रतेचं वर्गमूळ सारख्या पायऱ्यांनी वाढत गेलं. म्हणजे अणुक्रमांक ही नुसती हजेरीपटावरची जागा नव्हे. ती मूलद्रव्याची खरी ओळख. लोह 26, तांबं 29, जस्त 30. अजून न सापडलेल्या 43, 61, 75 या जागाही त्याने दाखवल्या.

1914 मध्ये तो परिषदेसाठी ऑस्ट्रेलियाला गेला होता, तेव्हाच महायुद्ध पेटलं. परत येऊन तो सैन्यात भरती झाला. 10 ऑगस्ट 1915 रोजी गॅलिपोलीत टेलिफोनवरून हुकूम देताना त्याच्या डोक्यात गोळी लागली. वय 27.

आज उंदराच्या मेंदूचा पातळ काप क्ष-किरणांच्या बारीक झोताखाली बिंदू-बिंदू सरकवतात. लोह कुठे, तांबं कुठे, याचा नकाशा तयार होतो. आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात जस्त उठून दिसतं. स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्यांना असे नकाशे हवे असतात.

माझी आजी शेवटी मला ओळखत नव्हती. म्हणून हे सगळं मला परकं वाटलं नाही.

हॅरीची कबर कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. हेलेसच्या स्मारकावर फक्त नाव आहे. यंदा 2 नोव्हेंबरला कबरस्तानात आजीसाठी मेणबत्ती लावली, तेव्हा शेजारी आणखी एक लावली. आईने विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, हॅरीची.