‘सिप्ला’ उभी करणारे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद आणि दहावीचं समीकरण

गंगापूर : दहावीच्या विज्ञानात रासायनिक समीकरणांचा धडा आला की आपली बरीच मुलं-मुली घाबरतात. समीकरण संतुलित करून फायदा काय, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर आम्हाला डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांच्या आयुष्यात दिसतं.

हमीद साहेबांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढचा. तरुणपणी ते गांधीजींच्या असहकार चळवळीत उतरले. जामिया मिल्लिया इस्लामियात त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. पुढे जर्मनीला गेले आणि बर्लिनमधून डॉक्टरेट घेऊन परतले. रंग आणि औषधांच्या उद्योगात तेव्हा जर्मनी जगात पुढे होता, तर आपल्याकडे बहुतेक औषधं परदेशातून यायची. ही लाचारी त्यांना खटकली. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत ‘सिप्ला’ स्थापन केली. १९३९ मध्ये गांधीजींनी तिथे भेट दिली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी औषधांची आवक अडली, तेव्हा हा देशी कारखाना कामी आला.

आता समीकरणाकडे येऊ. नियम एकच : अणू नव्याने तयार होत नाहीत, नाहीसेही होत नाहीत. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू, पण पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एकच. म्हणून पाण्याच्या आधी २ लिहायचे. आता उजवीकडे हायड्रोजनचे चार अणू झाले, म्हणून डावीकडे हायड्रोजनच्या आधीही २. दोन्ही बाजू जुळल्या. रेणूसूत्रातला खालचा छोटा आकडा मात्र बदलायचा नाही. तो बदलला तर पदार्थच बदलतो.

कारखान्यात हाच हिशेब किलोत होतो. अ‍ॅस्पिरिनचं बघा : १३८ किलो सॅलिसिलिक आम्ल आणि १०२ किलो अ‍ॅसेटिक अनहायड्राइड घेतलं, तर हिशेबाने १८० किलो अ‍ॅस्पिरिन आणि ६० किलो अ‍ॅसेटिक आम्ल मिळतं. इकडे २४०, तिकडेही २४०. प्रत्यक्षात माल थोडा कमी हाती येतो, पण कच्चा माल किती मागवायचा हे समीकरणच सांगतं. ते चुकलं तर पैसा वाया जातो आणि औषधात नको ते उरतं.

हमीद साहेब मुंबईचे शेरीफही झाले. २३ जून १९७२ रोजी त्यांचा इंतकाल झाला. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांच्या काळात, २००१ मध्ये, सिप्लाने एड्सची औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि गरीब देशांतल्या रुग्णांना आशा मिळाली.

वाळूजची औद्योगिक वसाहत आपल्याच गंगापूर तालुक्यात आहे. तिथे औषधांचे कारखानेही आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेत आपली लेकरं दिसावीत, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून पालकांनो, मुलगा असो वा मुलगी, विज्ञान अवघड म्हणून सोडू देऊ नका. आज रात्री वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि दोन्ही बाजूंचे अणू मोजायला लावा.