जोतीराव फुले आणि जलसंधारण
जोतीराव गोविंदराव फुले (११ एप्रिल, इ.स. १८२७ – २८ नोव्हेंबर, इ.स. १८९०) हे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील समाजसुधारक, लेखक आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक होते. मुलींच्या शिक्षणातील व जातिभेदाविरुद्धच्या त्यांच्या कार्याची विपुल चर्चा झालेली आहे. त्या तुलनेत पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांच्या उगमाकडेच अडवून विहिरींना पुरवावे, या त्यांच्या मांडणीकडे बराच काळ फारसे लक्ष गेले नाही. ही मांडणी त्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात आली असून तिच्यामागे शेतकरी, कंत्राटदार आणि नगरपालिका सदस्य म्हणून मिळवलेला अनुभव होता.

पार्श्वभूमी
फुले घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. खटाव तालुक्यातील हा भाग पर्जन्यछायेत येतो. पुढे कुटुंब पुण्यात आले आणि फुलांच्या व्यवसायामुळे गोऱ्हे हे आडनाव मागे पडून फुले हे नाव रूढ झाले. जोतीरावांचे शिक्षण मध्येच खंडित झाले व काही काळ त्यांनी वडिलांच्या मळ्यात काम केले. इ.स. १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. इ.स. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. इ.स. १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. पाणी कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर प्रथम सामाजिक अंगाने आला, असे यावरून म्हणता येते.

उपजीविकेसाठी फुले यांनी सार्वजनिक बांधकामांची कंत्राटे घेतली. खडकवासला धरणाच्या कामाशीही त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध होता. मांजरी येथे त्यांनी शेती केली. कालव्याचे पाणी बागायतीस कसे वापरावे, हे त्यांना शेजारच्या शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दाखवायचे होते. मात्र पाटबंधारे खात्याच्या कारभारावर ते समाधानी नव्हते. पट्टी भरूनही शेतकऱ्याला वेळेवर पाणी मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. प्रत्येक शेतकऱ्यास मोजून पाणी मिळावे म्हणून तोट्या बसवण्याची सूचना त्यांनी केली.

इ.स. १८७६–७८ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे निराधार मुलांसाठी बालाश्रम चालवला. याच काळात, इ.स. १८७६ पासून, फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते.

‘शेतकऱ्याचा असूड’मधील योजना
१८ जुलै, इ.स. १८८३ रोजी पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या अखेरच्या भागात फुले यांनी सरकारपुढे उपाय ठेवले. वळवाचा पाऊस उतारावरून वेगाने वाहून जातो व सोबत डोंगरावरील कुजलेल्या पालापाचोळ्याचे सत्त्वही नेतो, हे त्यांचे निरीक्षण होते. त्यासाठी ठिकठिकाणी तालीवजा बंधारे असे बांधावेत की, पाणी आधी शेतात जिरेल आणि उरलेलेच नदीनाल्यास मिळेल. डोंगरटेकड्यांमधील दऱ्याखोऱ्यांत शक्य तितकी तळी व तलाव बांधल्यास खालच्या प्रदेशातील ओढ्यांना भर उन्हाळ्यात पाणी राहील, लहानमोठी धरणे चालतील आणि विहिरींना पुरवठा होईल, असे त्यांनी मांडले.

या शेवटच्या मुद्द्यात भूजलाची समज दिसते. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ओढा चार महिने वाहून आटला की या थरालाही ओहोटी लागते. वरच्या अंगाला पाणी थोपले, तर ते सावकाश पाझरत खालच्या विहिरींपर्यंत पोहोचते. पाझर तलाव बांधले जातात ते याच तत्त्वावर.

पाणाड्यांकडून गावोगावच्या शेतांची पाहणी करवून, जेथे दोन मोटांहून अधिक पाण्याचे झरे सापडतील त्या जागा गावच्या नकाशांवर नोंदवाव्यात, स्वखर्चाने विहीर बांधणाऱ्यास बक्षीस द्यावे, तलावांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा आणि जंगलखात्याने घेतलेली गायराने गावांना परत करावीत, अशाही त्यांच्या सूचना होत्या.

बंधाऱ्यांचे काम लष्कर व पोलिसांतील रिकाम्या शिपायांनी करावे, ही सूचना सर्वांत धाडसी म्हणावी लागेल. सुमारे दोन लाख शिपायांनी रोज एक आण्याचे काम केले तरी वर्षाला पंचवीस लाख रुपयांची भर पडेल, असा हिशेब त्यांनी दिला. दिवसाला साडेबारा हजार रुपये याप्रमाणे ही रक्कम दोनशे दिवसांत भरते. म्हणजे आकडा हवेतला नव्हता. शिपायांना याच कामाला लावण्यास सरकार तयार होईल का, हा प्रश्न मात्र या हिशेबाने सुटत नव्हता.

मुंबईतील प्रकाशन आणि गिरणगाव
ग्रंथाचा काही भाग नारायण मेघाजी लोखंडे मुंबईहून चालवत असलेल्या ‘दीनबंधु’ पत्रात प्रसिद्ध झाला. पुढील भाग छापणे लोखंडे यांनी थांबवले. सरकारवरील कठोर टीका हे त्याचे कारण मानले जाते. सहकाऱ्यानेच कच खाल्ल्याचे फुले यांना लागले व त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. ज्या भागात पाण्याची योजना होती तो अखेरचा असल्याने पत्राच्या वाचकांपर्यंत ती पोहोचलीच नाही. संपूर्ण ग्रंथ फुले यांच्या हयातीत छापला गेला नाही.

लोखंडे यांच्याशी त्यांचे सहकार्य मात्र टिकले. सप्टेंबर, इ.स. १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. रविवारच्या सुट्टीसह विविध मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. परळ-लालबागच्या गिरण्यांत कोकणाप्रमाणेच सातारा, पुणे या जिल्ह्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती. ‘असूड’मध्ये ज्यांच्या कोरडवाहू शेतीचे वर्णन आहे, त्यांतलेच काही जण येथे चाळींत राहत होते.

११ मे, इ.स. १८८८ रोजी मुंबईतील मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात फुले यांचा सत्कार होऊन त्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. २८ नोव्हेंबर, इ.स. १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नंतरचा काळ
इ.स. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलाव व बांधबंदिस्ती मोठ्या प्रमाणावर झाली. ही कामे शिपायांनी नव्हे, तर दुष्काळग्रस्त मजुरांनी केली. इ.स. २००२ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या मृद व जलसंधारणाच्या मोहिमेला महात्मा फुले जल व भूमी संधारण अभियान असे नाव देण्यात आले.