हवेला शिस्त लावणारा अभियंता

बीड जिल्ह्यातील उमापूरमध्ये भर वैशाखात कुणी मोबाइलवरून पैसे पाठवितो, तेव्हा पारा चाळिशीपलीकडे गेलेला असतो. तो व्यवहार नोंदविणारे संगणक मात्र दूर कुठे तरी, काटेकोरपणे राखलेल्या गार हवेत अहोरात्र सुरू असतात. त्या गारव्याचे शास्त्र विलिस कॅरिअर यांनी घडविले.

कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील अँगोला येथे, शेतकरी कुटुंबात झाला. शिष्यवृत्तीच्या आधारे कॉर्नेल विद्यापीठातून १९०१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बफेलो फोर्ज कंपनीत रुजू झाले. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनमधील एका छापखान्याची अडचण त्यांच्यापुढे आली. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे. परिणामी रंगावर रंग नेमका बसत नसे. थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील जादा बाष्प काढून घेण्याचा आराखडा त्यांनी १७ जुलै १९०२ रोजी तयार केला. वातानुकूलनाचा जन्म झाला तो माणसाच्या सुखासाठी नव्हे, तर कागदासाठी.

खरी उकल त्यानंतर पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर झाली. तेथील दाट धुके, म्हणजे बाष्पाने पूर्ण भरलेली हवा, पाहताना त्यांना उमगले, की अशा हवेचे तापमान ताब्यात आले, तर बाष्पाचे प्रमाणही ताब्यात येते. त्यातूनच थंड पाण्याच्या तुषारांनी हवा कोरडी करण्याचे, वरवर विपरीत भासणारे तंत्र त्यांनी सिद्ध केले. १९०६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. १९११ मध्ये त्यांनी त्यामागील गणिती सूत्रे अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली.

पहिले महायुद्ध पेटताच कंपनीने या कामातून अंग काढून घेतले. कॅरिअर यांनी सहा सहकाऱ्यांसह १९१५ मध्ये स्वतःची कंपनी उभारली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कचे रिव्होली चित्रपटगृह त्यांच्या यंत्रांनी गार झाले आणि सामान्य माणसाला हा गारवा लाभू लागला. ७ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

छापखान्यातील तोच प्रश्न आज डेटा सेंटरमध्ये उभा आहे. हवा फार कोरडी झाली, तर स्थिर विद्युत साचते. फार दमट झाली, तर यंत्रांवर दव धरते. म्हणून सर्व्हरच्या कपाटांना पुढून थंड हवा देऊन तापलेली हवा मागून वेगळ्या वाटेने बाहेर काढतात आणि मधल्या फटी बुजवितात. दोन्ही हवा मिसळल्या, की वीज वाया जाते. अनेक ठिकाणी त्यासोबत पाणीही. दुष्काळ सोसलेल्या बीडला त्या पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. नुसता गारवा वाढविण्यापेक्षा हवा मोजून-मापून राखणे, हेच कॅरिअर यांचे जीवनकार्य होते.