मालिकांचा हिशेब मागणारा माणूस

मैत्रिणींनो, मालिका बघताना आपण सगळ्याच जणी समीक्षक असतो. विनोदी मालिकेत हसूच आलं नाही की उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागतो. नायिका उगाच रडत बसली की वैतागतो. दुसऱ्या दिवशी भिशीत नाहीतर बसस्टॉपवर निकाल देऊन मोकळ्या! मलाही ही सवय लहानपणापासूनची आहे. पण हेच काम एका माणसाने पंचवीसेक वर्षं नोकरी म्हणून केलं. सकाळी त्याचं लिखाण वाचून भल्याभल्या साहेबांचा चहा कडू व्हायचा. त्याचं नाव जॅक गूल्ड. अमेरिकेतल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाचे ते टीव्ही समीक्षक. आज आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून म्हटलं, या वेळी त्यांचीच गोष्ट सांगू या.

जॅक यांचा जन्म १९१४ सालचा, न्यूयॉर्क शहरातला. तरुण वयातच ते वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरले. आधी ‘हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये होते, १९३७ साली ‘टाइम्स’मध्ये आले. सुरुवातीला नाटकांच्या बातम्या, मग रेडिओ. दुसरं महायुद्ध संपलं आणि घराघरांत टीव्ही नावाची पेटी यायला लागली. तिच्याबद्दल लिहायचं कुणी? रेडिओवर लिहिणाऱ्या माणसानेच! असं ते काम त्यांच्याकडे आलं. १९५० साली अमेरिकेत शंभरातल्या जेमतेम ९ घरांत टीव्ही होता. १९६० पर्यंत तो ८७ घरांत पोचला. म्हणजे हे माध्यम मोठं होत गेलं ते जॅक यांच्या डोळ्यांसमोर.

तेव्हाचा टीव्ही आजच्यासारखा नव्हता बरं का. न्यूयॉर्कहून होणारी बहुतेक नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. नट स्टुडिओत उभे राहून काम करत आणि ते त्याच क्षणी घरोघरी दिसे. वाक्य विसरलं तर विसरलं, दार उघडलं नाही तर नाही! प्रयोग संपला की संपला. आजच्यासारखं मोबाइलवर पुन्हा बघण्याची सोय नव्हती. त्यामुळे जॅक यांचं काम मोठं अवघड. नाटक संपलं की टाइपरायटरवर बसायचं आणि वाचक जे पुन्हा कधीच बघू शकणार नाही त्याबद्दल लिहायचं. मग अशा लिखाणाचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. उपयोग काय होतो, ते १९५५ साली दिसलं.

त्या वर्षी १२ जानेवारीला एनबीसी वाहिनीवर ‘पॅटर्न्स’ नावाचं नाटक झालं. लेखक होता तीस वर्षांचा रॉड सर्लिंग. कथा एका मोठ्या कंपनीतली. वय झालेल्या एका अधिकाऱ्याला मालक काढून टाकत नाही, पण रोज चारचौघांत त्याचा असा पाणउतारा करतो की त्याने आपणच निघून जावं. त्याच्या जागी आणलेला तरुण हे सगळं बघत असतो. शेवटी तो म्हातारा हाय खाऊन मरतो. तरुणाने आता त्या खुर्चीवर बसायचं की राजीनामा द्यायचा? ज्या घरातला कर्ता माणूस रोज अपमान गिळून घरी येतो, त्या घरातल्या बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

सर्लिंग नवरा-बायको त्या रात्री बाहेर गेले होते. आपण इथे नवीन राहायला आलोय, कुणाचा फोन येणार नाही, असं मुलं सांभाळणाऱ्या बाईला सांगून निघाले होते. झालं उलटंच. फोनची घंटा थांबेना. आणि काही दिवसांनी जॅक यांनी आपल्या सदरात या नाटकाचं भरभरून कौतुक केलं. ते नुसतं कौतुक करून थांबले नाहीत. नाटक एका रात्रीत विरून जातं ही पद्धतच चुकीची आहे, हे पुन्हा दाखवा, अशी मागणी त्यांनी केली. वाहिनीने ती ऐकली. त्याच नटांना पुन्हा उभं करून ९ फेब्रुवारीला ते नाटक पुन्हा थेट सादर झालं. असं तेव्हा होतच नसे. पुढच्या वर्षी त्यावर सिनेमा निघाला. सर्लिंगचं नाव झालं ते तिथून.

आता विनोदाचं बघा. १९५१ साली ‘आय लव्ह ल्युसी’ ही मालिका सुरू झाली. ल्युसी म्हणजे ल्युसिल बॉल. नवऱ्यासारखं आपणही रंगमंचावर झळकावं म्हणून नाना उचापती करणारी, दर वेळी गोत्यात येणारी गृहिणी. पडद्यावरचा नवरा खऱ्या आयुष्यातलाही नवराच, देसी अर्नाझ. ल्युसिलला प्रत्यक्षात दिवस गेले तेव्हा ते मालिकेतही दाखवायचं ठरलं. त्या काळात ही केवढी धाडसाची गोष्ट! गरोदर हा शब्दसुद्धा उच्चारायची परवानगी नव्हती. भाग लिहून झाले की धर्मगुरूंकडून तपासून घेत. १९ जानेवारी १९५३ ला मालिकेत बाळ जन्मलं आणि त्याच दिवशी ल्युसिललाही खरोखर मुलगा झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी बघितला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचा शपथविधी झाला, त्याला एवढे प्रेक्षक मिळाले नाहीत.

बायकांचा आचरटपणा म्हणून नाक मुरडणं सोपं होतं. जॅक यांनी तसं केलं नाही. १९५३ च्या मार्चमध्ये त्यांनी या मालिकेवर मोठा लेख लिहिला आणि लाखो लोक तिच्यावर का जीव टाकतात ते उलगडून सांगितलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की यातलं लग्न आपल्या सगळ्यांच्या लग्नासारखं आहे, फक्त थोडं फुगवलेलं. आणि वरून धांदल वाटली तरी हसवण्यामागे कडक शिस्त आहे. मला इथे त्यांचा फार आदर वाटतो. घरातल्या बाईवरचा विनोद त्यांनी मोठ्या नाटकाइतकाच गंभीरपणे तपासला.

त्यांचे सगळे निकाल लोकांना पटले असं मात्र नाही. १९५६ साली एल्व्हिस प्रिस्ली टीव्हीवर आला तेव्हा या पोराला गाता येत नाही, असं जॅक यांनी स्पष्ट लिहिलं. लोकांनी एल्व्हिसला डोक्यावर घेतलं. १९६२ मध्ये ‘बेव्हर्ली हिलबिलीज’ नावाची विनोदी मालिका आली. खेड्यातलं कुटुंब अचानक श्रीमंत होऊन शहरात येतं, अशी गोष्ट. ‘टाइम्स’ने ती ओढूनताणून केलेली ठरवली. प्रेक्षकांनी काही आठवड्यांतच तिला पहिल्या नंबरवर नेऊन बसवलं. म्हणजे समीक्षकाचं एक मत आणि घरातल्या सोफ्याचं दुसरं, हे तेव्हाही होतंच.

पण माझ्या मते जॅक यांची खरी परीक्षा वेगळ्याच ठिकाणी झाली. तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांची भीती पसरली होती. १९५० च्या जूनमध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. तिच्यात रेडिओ-टीव्हीवरच्या १५१ लोकांची नावं होती. पुरावा नाही, खटला नाही, नुसता संशय. त्या यादीत जीन म्युर नावाची अभिनेत्री होती. ‘द ऑल्ड्रिच फॅमिली’ या घरगुती विनोदी मालिकेत तिला आईची भूमिका मिळाली होती. काही लोकांनी फोन करून तक्रार केली आणि जाहिरातदार कंपनीने तिला पहिल्याच भागाआधी काढून टाकलं. पुढची कित्येक वर्षं तिला काम मिळालं नाही.

गावात एखाद्या बाईबद्दल कुजबुज सुरू झाली की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. खरं-खोटं कुणी विचारत नाही, दारं आपोआप बंद होतात. जॅक यांनी वर्तमानपत्रातून याविरुद्ध आवाज उठवला. आरोप सिद्ध न करता माणसाची भाकरी काढून घेणं हा अन्याय आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्या वातावरणात असं लिहिणाऱ्यावरही बोट ठेवलं जाऊ शकत होतं. जीनची भूमिका काही तिला परत मिळाली नाही, हेही खरं. पण तिच्यावर जे झालं ते गुपचूप झालं नाही.

१९५६ च्या शेवटी सुएझ आणि हंगेरीचे पेच चालू होते. तेव्हा संयुक्त राष्ट्रांतली चर्चा सोडून नेहमीची करमणूक दाखवणाऱ्या वाहिन्यांना त्यांनी चांगलंच फटकारलं. त्या वर्षी त्यांना मानाचा पीबडी पुरस्कार मिळाला.

उतारवयातही त्यांची नजर ताजी होती. १९७१ मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका आली. तिच्यात घरातला कर्ता पुरुष दुसऱ्या वंशाच्या, धर्माच्या लोकांबद्दल वाट्टेल ते बोलतो. असल्या गोष्टीवर हसायचं का, यावर वाद झाला. जॅक यांनी लिहिलं, की हसून हा विखार कमी होत असेल तर प्रयत्न करून बघायला हरकत नाही.

१९७२ साली ते निवृत्त झाले. योगायोग बघा, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं! १९९३ साली कॅलिफोर्नियात, वयाच्या ७९ व्या वर्षी जॅक गेले. त्यांचे चिरंजीव लुईस गूल्ड इतिहासकार. त्यांनी २००२ मध्ये वडिलांच्या निवडक लेखांचं पुस्तक काढलं. ज्या नाटकांची गोष्ट एका रात्रीत संपायची, त्यातली कितीतरी आता या लेखांमधून कळतात.

आज मालिका चालते की बंद होते हे टीआरपीचा आकडा ठरवतो. आकडा किती जणांनी बघितलं ते सांगतो, बघून काय वाटलं ते सांगत नाही. ते आपणच सांगायला हवं. जॅक यांच्या लेखाआधी सर्लिंगच्या घरी फोन वाजले होते, ते साध्यासुध्या प्रेक्षकांचेच होते ना? तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एखादी मालिका आवडली किंवा डोक्यात गेली, तर नुसतं चॅनल बदलू नका. का आवडली, का नाही, ते चार ओळींत लिहून काढा आणि वाहिनीला पाठवून द्या.